पॉज दाबला की प्रश्न: शिक्षकांसाठी व्हिडिओ क्विझ टूल करताना आमचं काय काय गंडलं

पहिल्या टेस्टिंगला विज्ञानाच्या एक बाई बसल्या होत्या. लिंक टाकली, व्हिडिओ चालू केला, तीनेक मिनिटांनी सवयीने स्पेसबार दाबून थांबवला आणि स्क्रीनकडे बघत बसल्या. मी मागे खुर्चीवर, तोंड बंद ठेवायचं असं ठरवून आलेलो. थोडा वेळ गेला आणि मग त्या म्हणाल्या, "अहो, थांबवला मी. आता विचारू कुठे?"

प्रश्न टाकायची जागा खाली होती, टाइमलाइनवर, म्हणजे व्हिडिओच्या वेळेच्या पट्टीवर, छोटं अधिकचं चिन्ह, त्यावर माउस नेला की उमटणारं. आम्हाला वाटायचं यापेक्षा सोपं काय असणार. पुढचे चार महिने आम्ही जे काही केलं ते सगळं त्या एका वाक्याचं उत्तर होतं असं म्हटलं तरी चालेल, फक्त ते आम्हाला कळायला बराच वेळ लागला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कोणी असलं काही बनवत असेल तर निदान आमच्या चुका तरी परत करू नका, स्वतःच्या नव्या करा.

टीम तिघांची. मी डिझाइन, बाकी दोघं कोड. काम असं की शिक्षकाकडे आधीपासून असलेला व्हिडिओ घ्यायचा, मग तो स्वतः रेकॉर्ड केलेला असो की युट्यूबवरचा, त्यात मध्ये मध्ये प्रश्न घालायचे आणि मुलांना पाठवायचा. कल्पना नवी नाही, हेच करणारी टूल्स आधीपासून आहेत, एडपझल आहे, एचफाइव्हपीमध्ये इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ आहे. मध्ये थांबवून विचारलं की फायदा होतो यालाही आधार आहे. २०१३ मध्ये श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी एक प्रयोग छापला, एकच व्हिडिओ लेक्चर चार भागांत दाखवलं, काहींना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली आणि काहींना नाही, तर चाचणीवाल्यांचं लक्ष कमी भटकलं, नोट्स जास्त काढल्या आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले. दुसरा एक अभ्यास २०१४ चा, एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसमधली ६९ लाख व्हिडिओ सेशन्स तपासलेली, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण ६ मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. म्हणजे कशासाठी करायचं हे पक्कं होतं. घोळ झाला तो कसं करायचं यात.

पहिली आवृत्ती, जिच्यावर आम्ही फिदा होतो

खरं सांगायचं तर आम्ही व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवलं आणि त्याला शिक्षकांचं टूल म्हटलं. खाली टाइमलाइन, त्यावर प्रश्नाची जागा दाखवणारे रंगीत मार्कर, मार्कर ओढून सरकवायचे. प्रश्नांचे सात प्रकार. प्रत्येक प्रश्नाला गुण, वेळमर्यादा, किती वेळा प्रयत्न करता येईल, पर्याय उलटसुलट करायचे का, बरोबर आलं तर काय दाखवायचं, चुकलं तर काय, सोडून दिला तर काय... एका प्रश्नाला दोन वाक्यं लिहायची आणि नऊ गोष्टी ठरवायच्या.

आम्ही ते शिक्षकांना दाखवलं तेव्हा सगळ्यांना आवडलं! का, तर आम्हीच दिलेला चार मिनिटांचा नमुना व्हिडिओ, त्यात आम्हीच सांगितलेला प्रश्न आम्हीच सांगितलेल्या जागी टाकायचा. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी ते मोजणारी एसयूएस नावाची प्रश्नावली असते, १० विधानांची, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली, तीही भरून घेतली आणि आकडा झकास आला. आता समोर बसलेल्या आम्हा पोरांनी एवढी मेहनत केलीये म्हटल्यावर आमचं मन कोण मोडणार? त्या आकड्यावर आम्ही महिनाभर खूश होतो.

दुसऱ्या वेळी पाच जणांना बोलावलं आणि अट एकच, स्वतःचा व्हिडिओ आणा आणि पुढच्या आठवड्यात खरंच शिकवायचा धडा आणा. तिथे सगळं उघडं पडलं.

गणिताच्या एका सरांचा व्हिडिओ ४० मिनिटांचा. आमची टाइमलाइन साधारण ९०० पिक्सेल रुंद. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, म्हणजे एक पिक्सेल सरकला की जवळजवळ पावणेतीन सेकंद उडी. सर मार्कर ओढतायत, सोडतायत, परत ओढतायत, आणि प्रश्न येतोय तो बरोबर वाक्याच्या मध्यात. "मी वाक्य संपल्यावर थांबवलं होतं, हे मध्येच तोडतंय." हे गणित आम्ही कागदावर अर्ध्या मिनिटात करू शकलो असतो. केलं नाही, कारण आमचा नमुना व्हिडिओ चार मिनिटांचा होता आणि त्यात एका सेकंदाला जवळजवळ चार पिक्सेल मिळतात, सगळं लोण्यासारखं सरकतं.

स्पेसबारची गंमत वेगळीच. व्हिडिओ थांबवायला स्पेसबार हा शॉर्टकट आम्हीच मोठ्या हौसेने दिलेला. प्रश्न टाइप करताना पहिला शब्द झाला, स्पेस दिला, व्हिडिओ चालू. दुसरा शब्द, स्पेस, बंद. एका बाईंना वाटलं कीबोर्ड बिघडला. टायपिंगच्या चौकटीत असताना शॉर्टकट बंद ठेवायचे हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण आम्ही तिघंही चाचणी करताना प्रश्न म्हणून "अबक" लिहायचो, एक शब्द, त्यामुळे स्पेस कधी दाबलाच नव्हता.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला स्क्रीनवर दिसली नाही, टेबलावर दिसली. पाचपैकी तिघांच्या शेजारी कागद होता. डावीकडे वेळ, उजवीकडे प्रश्न. व्हिडिओ आधी बघून घेतलेला, जिथे मुलं अडखळतील असं वाटलं तिथे थांबवून कागदावर नोंद केलेली, आणि आता ते फक्त कागदावरचं आमच्या टूलमध्ये उतरवत होते. खरं काम आमच्याकडे यायच्या आधीच झालं होतं, फोनवर, पॉज दाबत दाबत. आम्ही त्यांना डेटा एंट्री करायला बसवलं होतं.

पॉज

वर्गात शिक्षक व्हिडिओ लावतात तेव्हा काय करतात? थांबवतात आणि विचारतात, "आता काय होईल?" प्रश्न सुचतो तो थांबवताना. टाइमलाइन वगैरे त्यांच्या डोक्यात कुठेच नाही. म्हणून ठरलं की टाइमलाइन काढायची आणि पॉज हीच प्रश्नाची जागा करायची.

पहिला प्रयत्न अति उत्साहात केला, पॉज झाला की लगेच मोठी खिडकी उघडायची प्रश्नाची. दोन दिवसांत वैतागले सगळे. माणूस व्हिडिओ शंभर कारणांनी थांबवतो, फोन आला, कोणी हाक मारली, जरा नाव नीट वाचायचंय. प्रत्येक वेळी खिडकी बंद करत बसायचं का? मग ती खिडकी गेली आणि आली एक साधी ओळ, व्हिडिओच्या खाली, आत फिकट अक्षरात "इथे काय विचारायचंय?" आणि कर्सर तयार. लिहायला लागलात तर तो प्रश्न झाला, प्ले दाबलंत तर ओळ गायब, कुठे काही सेव्ह नाही, कुठे काही विचारणं नाही. या एका ओळीवर आम्ही जितका वेळ घालवला तितका अख्ख्या बाकीच्या टूलवर नसेल आणि बघणाऱ्याला ती दिसतही नाही, आणि तेच हवं होतं.

तरी एक अडचण राहिलीच. वाक्य संपलं हे कळून बोट हलेपर्यंत पुढच्या वाक्याचा पहिला शब्द सुटलेला असतो. म्हणून आम्ही हुशारी करून प्रश्नाची वेळ आपोआप अर्धा सेकंद मागे घेतली. काहींचं छान जमलं आणि जे पटकन थांबवायचे त्यांचं शेवटचं अक्षर कापलं गेलं. हुशारी काढून टाकली. आता दोन बटणं आहेत, थोडं मागे आणि थोडं पुढे, आणि दाबलं की शेवटचे तीन सेकंद वाजून दाखवतं. कानाने ठरवायची गोष्ट कानानेच ठरवावी.

कोडच्या बाजूने इथे दोन तीन गोष्टी आहेत त्या करणाऱ्यांसाठी सांगतो, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. व्हिडिओ प्रश्नाच्या वेळेवर, समजा २२२ सेकंदांवर, आला का, असं बरोबरचं (=) चिन्ह लावून तपासलंत तर ते जवळजवळ कधीच खरं ठरत नाही. एचटीएमएलच्या व्हिडिओत वेळ बदलल्याची सूचना सेकंदाला ४ ते ६६ वेळा येऊ शकते, नेमकी किती ते ब्राउझर ठरवतो, आणि युट्यूबच्या प्लेअरमध्ये तर तशी सूचनाच नसते, दर पाव सेकंदाला आपणच विचारायचं की बाबा कुठे पोचलास. म्हणून "मागच्या वेळी अलीकडे होता आणि आता पलीकडे आहे का" एवढंच बघायचं. दुसरं, युट्यूबच्या प्लेअरवर आपलं काहीही झाकून ठेवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, त्यामुळे व्हिडिओवर झळकणारा सुंदर प्रश्न, ज्याची मी पंधरा डिझाइन्स केली होती, तो विषय संपला. प्रश्न व्हिडिओच्या खाली किंवा बाजूला. मला तेव्हा वाईट वाटलं पण झालं ते बरंच झालं, कारण प्रश्न वाचताना फळ्यावरची आकृती थांबलेल्या व्हिडिओत दिसत राहते.

आणि तिसरं आयफोनचं. वेब पानावरचा व्हिडिओ प्ले केला की तो पूर्ण स्क्रीन घेतो, जर प्लेज-इनलाइन हा, व्हिडिओ पानातच चालवायला सांगणारा गुणधर्म दिला नसेल तर (२०१६ च्या आयओएस १० पासून ती सोय आहे). आम्ही दिला नव्हता. मुलाला दिसायचा पूर्ण स्क्रीन थांबलेला व्हिडिओ, प्रश्न त्याच्या मागे लपलेला. "व्हिडिओ अडकतोय" अशा तक्रारी आल्या आणि आम्ही चार दिवस सर्व्हर तपासत बसलो.

सातचे तीन

प्रश्नांचे प्रकार सातवरून तीनवर आणले. बहुपर्यायी, छोटं उत्तर आणि तिसरा नुसता थांबा, ज्यात उत्तर द्यायचंच नाही, शिक्षकाने लिहिलेलं वाचायचं, विचार करायचा आणि पुढे जायचं. तिसरा आम्ही जवळजवळ काढलाच होता, क्विझमध्ये उत्तर नसलेला प्रश्न कशाला म्हणून. भाषेच्या बाईंनी ठेवायला लावला आणि त्या तो सगळ्यात जास्त वापरतात.

पर्यायांच्या चार रिकाम्या चौकटी असायच्या. चौथी भरताना प्रत्येकाची दमछाक व्हायची, तीन सुचलेले, चौथ्यात "वरीलपैकी सर्व" टाकून मोकळे. २००५ मध्ये रॉड्रिग्ज यांनी ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला होता, निष्कर्ष हाच की बहुतेक वेळा तीन पर्याय पुरतात, कारण चौथा बहुतेक वेळा कोणीच निवडत नाही. आम्ही तीन केल्या, हवं तर चौथी वाढवता येते. कोणी फारसं वाढवत नाही.

बरोबर उत्तर कुठलं हे गोलात टिक करून सांगायचं असायचं, ते राहून जायचं आणि मग अख्खा वर्ग शून्य. आता पहिली चौकट हीच बरोबर उत्तराची, हिरवी, बाकी दोन चुकीच्या, आणि मुलांना दाखवताना आपण क्रम बदलतो. छान ना? छानच, फक्त क्रम बदलल्यावर "वरीलपैकी सर्व" सगळ्यात वर येऊन बसतं. आणि "अ आणि ब दोन्ही" याचा तर काही अर्थच उरत नाही. पहिलं ओळखून शेवटी ठेवायची सोय केली, दुसऱ्यासाठी लिहितानाच सूचना येते की क्रम बदलणार आहे बरं का. गणितात आकडे असतील तर ते लहानापासून मोठ्याकडे लागतात. असल्या बारक्या बारक्या गोष्टी कुठल्याही यादीत आधी सुचत नाहीत.

छोट्या उत्तरांनी मात्र घाम काढला. उत्तर "प्रकाशसंश्लेषण", मुलाने लिहिलं "प्रकाश संश्लेषण", टूल म्हणालं चूक. बाईंना पालकांचे मेसेज, बाईंचे आम्हाला मेसेज. मग खोलात गेलो. आपल्या लिपीत दिसायला एकसारखं आणि आत वेगळं असं बरंच आहे. ऱ हे अक्षर यूनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यात, एकसंधही आहे आणि र अधिक खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असंही लिहिता येतं, स्क्रीनवर फरक शून्य, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. यावर एनएफसी नावाचं प्रमाणीकरण आहे, ते केलं की दोन्ही एक होतात. आकडे काही मुलं देवनागरीत लिहितात, काही इंग्रजी, तेही एक करून घेतले. पण "अंतर" आणि "अन्तर" कुठल्याच प्रमाणीकरणाने एक होत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर बोलायलाच नको, भूगोलाच्या उत्तरात वेलांटी चुकली म्हणून गुण कापायचा का, हे टूलने का ठरवावं?

शेवटी टूलने चूक म्हणणंच बंद केलं. तंतोतंत जुळलं तर बरोबर, नाहीतर "शिक्षक बघतील". आणि शिक्षकाला तीस उत्तरं तीस ओळींत दाखवायची नाहीत, सारखी दिसणारी एकत्र करून पाच-सहा गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला एक टिक. आम्हाला वाटलं हे काम वाढवणं झालं. उलट झालं, कारण चुकीच्या उत्तरांचा गठ्ठा डोळ्यासमोर आला की मुलांचा नेमका कुठे गोंधळ आहे ते दिसतं. "वजन आणि वस्तुमान यात घोळ करणारी माझी सगळी मंडळी इथे एका ओळीत बसलीयेत", असं एक सर म्हणाले.

निकालाचं पान

इथे आम्ही भरपूर आलेख काढले होते. सरासरी किती वेळ पाहिला, कुठे मागे नेला, रंगांचा नकाशा. एका बाईंनी शांतपणे सगळं पाहिलं आणि विचारलं, "छान आहे हो. पण याचं मी उद्या काय करू?"

आता तिथे आलेख नाहीत. सगळ्यात जास्त चुकलेला प्रश्न सगळ्यात वर, आणि त्यावर टॅप केलं की त्या प्रश्नाच्या आधीचे ३० सेकंद वाजतात. बस. हे आम्ही शिक्षकाने एकट्याने बघायला बनवलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात कळलं की लोक तेच पान वर्गात मोठ्या पडद्यावर लावतायत, चुकलेला भाग परत दाखवून पुढे बोलतायत. आणि त्या पानावर मुलांची नावं होती! त्याच संध्याकाळी नावं झाकली, आता ती मुद्दाम उघडावी लागतात.

लॉगिन मुलांना नाहीच, सहा अक्षरी कोड आणि नाव. एकाच नावाची दोन मुलं निघाली म्हणून हजेरी क्रमांक वाढवला. बटणं बोटाला पुरतील एवढी, ४४ पिक्सेलची, अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक निदान ४.५ ला १, ही वेब सुगम्यतेच्या नियमावलीतली मापं घेतली आणि विषय संपवला. उत्तर दिल्यावर व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा तो बंद करून "पुढे" बटण दिलं, कारण मूल अजून का चुकलं ते वाचत असायचं आणि व्हिडिओ निघून जायचा.

एका गोष्टीवर आमचं आजही एकमत नाही, मुलांना व्हिडिओ पुढे पळवू द्यायचा की नाही. शिक्षक म्हणतात पळवू देऊ नका, नाहीतर नुसते प्रश्न गाठून उत्तरं ठोकतात. माझं म्हणणं, ज्याला येतंय त्याने ४० मिनिटं का बसावं, आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्याला तर पुढे जाता आलंच पाहिजे. सध्या असं आहे की पहिल्यांदा बघताना पळवलं तर मधला प्रश्न अडवतो, उत्तर दिलं की जा, आणि एकदा पूर्ण झालं की सगळं मोकळं. याची सेटिंग ठेवलीये, आणि पूर्ण टूलमध्ये उरलेली ती एकमेव सेटिंग आहे. कोडवाल्यांपैकी एकाला तीही नकोय.

आणि ते गणिताचे सर. पॉजवाली आवृत्ती त्यांना दाखवली, आवडली, आणि पुढच्या वेळी परत कागद घेऊनच आले. ते बसमधून येताजाता फोनवर व्हिडिओ बघतात, कागदावर लिहितात, आणि ती सवय काही आमच्यासाठी बदलणार नाहीत, बदलावी तरी का. मग त्यांच्यासाठी एक मोठी रिकामी चौकट केली, कागदावर जसं आहे तसं टाइप करायचं, ओळीच्या सुरुवातीला वेळ, पुढे प्रश्न, टूल आपलं आपण लावून घेतं. पहिल्या दिवशी त्यांनी अकरा ओळी टाकल्या आणि एकही लागली नाही. आम्ही वेळ मिनिटं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग सेकंद अशी वाचत होतो. सरांच्या कागदावर सगळीकडे ३.४२ होतं, एकच टिंब, देवनागरी आकडे. ते वाचता यायला लागल्यावर अकराच्या अकरा लागल्या, फक्त एक प्रश्न भलत्याच जागी गेला, तिथे सरांनी १.५ लिहिलं होतं आणि आम्ही ते एक मिनिट पाच सेकंद धरलं. त्यांना म्हणायचं होतं दीड मिनिट.